सुटायला हवा होता तो सांधा

बाई, तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले, आणि अजूनही फोन वाजला की मला तो तुमचाच वाटतो.

गेल्या दिवाळीनंतर आपल्याकडची जमीन हलायला लागली, तेव्हापासून तुमची ही सवय. धक्का बसला की दोन मिनिटांत फोन. "काशी, वाजला." 'कसा आहेस' नाही, 'घरचे बरे आहेत ना' नाही. वाजला म्हणजे तुमचा डबल बास. डहाणूच्या तुमच्या बंगलीत, बैठकीच्या खोलीत कोपऱ्यात उभा असलेला तो माणसापेक्षा उंच बास. त्याला तुम्ही 'म्हातारा' म्हणायचात. कपाटातली भांडी वाजायच्या आधी त्याची सगळ्यात जाड तार आपसूक घुमते, असं तुमचं म्हणणं. मी म्हणायचो, बाई, भास होतो तुम्हाला. त्यावर आपण कितीदा भांडलो. तो वाद तसाच राहून गेला.

मंगळवारी दुपारी पुन्हा धक्का बसला. मी तलासरीच्या माझ्या दुकानातून उडी मारून बाहेर आलो, हातातला रंधा फुटपाथवर टाकला आणि फोन धरून उभा राहिलो. शेजारचा टायरवाला म्हणाला, "कोणाला लावतो रे?" कोणाला नाही, म्हटलं. फोन आला नाही. धक्क्याने घाबरलो नसेन इतका त्याने घाबरलो.

तुम्ही कुठल्या कुठल्या वाद्यवृंदात वाजवलंत, किती सिनेमांची गाणी केलीत, ते पेपरात आलं. तुमच्याकडे शिकणाऱ्या मार्थाने मला वाचून दाखवलं. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला फक्त एक गोष्ट सांगायची आहे, जी तुम्ही समोर असताना सांगायची हिंमत झाली नाही. मी भित्रा माणूस, हे तुम्हाला ठाऊक होतंच. पण किती भित्रा, ते ठाऊक नव्हतं.

आठवतं ना, चौदा साली तुम्ही पहिल्यांदा दुकानात आलात ते? चिकूचा टेम्पो हायवेला लावलात. मागे चादरीत गुंडाळलेलं काहीतरी आडवं, दोन्ही बाजूंना उशा. मला वाटलं कोणी आजारी माणूस आहे आणि तुम्ही दवाखान्याचा रस्ता विचारायला थांबलात. चादर काढलीत तर हे भलंमोठं तपकिरी लाकूड. मी विचारलं, "बाई, एवढी मोठी सारंगी वाजवायला माणूस केवढा लागतो?"

तुम्ही माझ्या खांद्याला जेमतेम लागत होतात. म्हणालात, "एवढा."

मी दारं, पलंग, शाळेची बाकं करणारा. हे आपलं काम नाही, सांगून मोकळा झालो. तुम्ही ऐकलं नाहीत. दुकानात चारी बाजूंना नाक फिरवलंत आणि विचारलंत, "तुझा बाप सरस शिजवायचा का?" शिजवायचा. जनावराच्या कातड्याचा तो डिंक, पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून मंद आचेवर. घरभर वास. बाप गेला आणि मी तयार पांढरा गोंद आणायला लागलो. दहा मिनिटांत धरतो, वास नाही, कटकट नाही. ते सांगितल्यावर तुम्ही बोट वर केलंत. "जो, बघ हं काशी, ते पांढरं माझ्या म्हाताऱ्याजवळ आणायचं नाही. कधीच नाही."

का नाही, ते कळायला मला वर्ष गेलं. सुताराचा सांधा सुटला की गिऱ्हाईक दारात येऊन आरडाओरडा करतं. तुमचं सगळंच उलटं. तुम्ही म्हणायचात, सांधा सुटलाच पाहिजे, लाकूड फुटता कामा नये. आपल्या समुद्राच्या हवेत लाकूड फुगतं, थंडीत आकसतं, टेम्पोत हादरे बसतात. सरस लाकडापेक्षा कच्चा. म्हणून जोर आला की तोच आधी सोडतो, कडेला चार बोटं फट पडते, आपण पुन्हा शिजवतो, पुन्हा चिकटवतो. "दीडशे वर्षं हा जगला कसा? ठिकठिकाणी सुटून सुटून," असं म्हणून तुम्ही हसायचात. मला तेव्हा ते हसणं कळलं नाही, पण सरस शिकलो. बापाचं भांडं भंगारात गेलं होतं. तुम्ही तुमच्या स्वयंपाकघरातलं दुधाचं पातेलं दिलंत.

मग तुमच्या ओळखीने मुंबईहून एकेक बास यायला लागले. एकाच्या माथ्यावर कोरलेलं सिंहाचं तोंड होतं. एक पाठीने सपाट होता, त्याला पूर्वी तीनच तारा असाव्यात, चौथ्या खुंटीचं भोक नंतर कोणीतरी पाडलेलं. वसईच्या एका देवळातून, म्हणजे चर्चमधून, आलेल्याला वाळवीने आतून इतकं खाल्लं होतं की ठोकलं तर पुठ्ठ्यासारखा आवाज यायचा. आणि त्यांना घेऊन येणारी माणसं! एक आडदांड गृहस्थ होते, ते मी काम करीपर्यंत बासची मान हातात धरून उभे राहायचे, पाणी प्यायलाही जायचे नाहीत. तुम्ही त्यांना चिडवायचात, "अरे, बाळंतपण नाही चाललेलं." पण म्हाताऱ्याचं काम असलं की तुम्ही स्वतः व्हरांड्यात सतरा फेऱ्या मारायचात, ते मी पाहिलंय.

एकदा तुम्ही मला समोर बसवलंत. मोबाइलवर एक जुनं गाणं लावलंत, माझ्या लग्नात बँडने वाजवलेलं. मग गज घेतलात आणि त्या गाण्याखाली तुमचा भाग वाजवलात. गाणं मी हजारदा ऐकलं असेल, पण खाली हे चाललेलं असतं याची मला कल्पनाच नव्हती. तुम्ही म्हणालात, "बास कोणाला ऐकू येत नाही रे. थांबला की मात्र माणूस वर बघतो." त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोला सुनंदाला ते गाणं लावून दाखवलं आणि खालचा आवाज ऐक म्हणून तिच्या मागे लागलो. तिने ऐकला. बाई, हे सगळं मला तुमच्यामुळे मिळालं. पलंग करणाऱ्या माणसाला कोण कशाला देतं?

आणि मग जमीन हलायला लागली.

पहिल्यांदा आमच्या झरी गावात आम्हाला वाटलं, कुठेतरी खाणीत सुरुंग लावतायत. धडाड् आवाज, मग पायाखालून काहीतरी सरकल्यासारखं. दिवसातून एकदा, कधी चारदा. सगळ्यांनी अंथरुणं अंगणात काढली, पुढे तंबू आले. शाळा झाडाखाली भरू लागली. सुनंदा घरात जायची ती धावत, यायची ती धावत, हातात पिठाचा डबा. मी आंघोळ तांब्याभर पाण्यात उरकायचो आणि ते करताना मोरीच्या भिंतीकडे बघत राहायचो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसा तो माझ्या मागे लागला. ट्रक गेला तरी मी उभा राहायचो. लोक हसायचे, पण लोकही उभे राहायचे.

जानेवारीत तुमचा फोन आला. "काशी, सांधा सुटला. खालच्या कडेला. वीतभर."

मी आलो. तुमची बंगली शंभर वर्षांची, वर कौलं, सागवानी वासे, मधोमध ते जाडजूड आढं. तुम्ही सकाळीच सरस भिजत घातला होता आणि व्हरांड्यात खुर्ची टाकून बसला होतात. म्हणालात, "घाई नको. आज नाही तर उद्या." मी आत गेलो. जुना सरस खरवडायचा, नवा शिजवायचा, लावायचा, क्लॅम्प कसायचे आणि मग बसायचं, कडा सरकत नाही ना बघत. दोन-तीन तास तरी त्या आढ्याखाली. पातेलं ठेवलं आणि धक्का बसला. मोठा नव्हता. पण एक कौल घसरलं आणि मागच्या बाजूला पडून फुटलं. मी वर बघितलं. नंतर मला वर बघणं थांबवताच येईना.

माझ्या पिशवीत शाळेच्या बाकांसाठी घेतलेला पांढरा गोंद होता.

मी तोच लावला, बाई. वीतभर आणि वर चार बोटं. क्लॅम्प कसले, पुसून घेतलं. सरसाचं पातेलं मात्र गॅसवर उकळू दिलं, मुद्दाम. वास व्हरांड्यापर्यंत जावा म्हणून. गेला. तुम्ही बाहेरून ओरडलात, "हां, आता बापाचा मुलगा शोभतोस!" वीस मिनिटांनी मी बाहेर आलो, तलासरीत दुसरं काम आहे असं सांगितलं आणि गाडीला किक मारली.

वाटेत कैनाडच्या फाट्यापर्यंत मी स्वतःला समजावत होतो. रोज धक्के बसतायत, कच्चा सांधा परत सुटेल, पक्का बरा. त्या महिन्यात सगळेच पक्कं करत होते. कोणी कपाटं भिंतीला ठोकत होतं, कोणी भिंतीला टेकू लावत होतं. माझ्याकडेच केवढी कामं आली होती. सुताराची अक्कल म्हणाली, घट्ट ते चांगलं. पण फाटा ओलांडला तेव्हा मला माहीत होतं की मी अकलेने नाही, आढ्याच्या भीतीने लावलाय.

सव्वा महिन्याने तो मोठा धक्का आला, भर दुपारी. तुमचा फोन आला, पण तुम्ही 'वाजला' म्हणाला नाहीत. "काशी, फुटला," म्हणालात.

म्हातारा कोपऱ्यात डुलला होता आणि कपाटाच्या कडेवर आदळला होता. एरवी अशा ठोक्याने सांधा टच्कन सुटला असता. माझा सांधा जागचा हलला नव्हता. तडा तिथून सुरू होऊन छातीच्या फळीत उभा वर गेला होता, तारा टेकतात त्या घोडीच्या पार पायापर्यंत. तुम्ही जमिनीवर बसून त्यावर बोट ठेवलं होतंत. म्हणालात, "लाकूड का फुटलं? सांधा का नाही सुटला?"

"धक्का मोठा होता, बाई."

तुम्ही मान हलवलीत, पण पटलं नव्हतं. दर चार दिवसांनी तोच प्रश्न. मुंबईच्या जुन्या वादकांना फोन करून विचारायचात, मग मला सांगायचात ते काय म्हणाले. थंडीमुळे असेल. तारा जास्त ताणल्या असतील. मी हं हं करायचो. चोराच्या मनात चांदणं. तुम्ही 'काशी' म्हणून हाक मारली तरी मला वाटायचं, कळलं. शेवटी एकदा वैतागून मी म्हणालो, "वय झालं आता त्याचं." तुम्ही तड्यावरून बोट फिरवलंत. मग म्हणालात, "हं. माझ्यासारखंच." त्यानंतर तुम्ही विचारलं नाहीत.

दुरुस्त करू का, विचारलं तर म्हणालात, राहू दे, त्याला आणखी त्रास नको. तारा सैल केल्यात. धक्के चालूच होते आणि तुमचे फोनही. "आज हललं, काशी. म्हातारा गप्प." ते ऐकायला मला पूर्वीच्या 'वाजला'पेक्षा जास्त भीती वाटायची. सात महिने तुम्ही गज हातात घेतला नाहीत. ते सात महिने शेवटचे होते हे आता कळतंय.

तापाचं निमित्त झालं आणि तुम्हाला दवाखान्यात ठेवलं. मी आलो तो ठरवून आलो होतो. आज सांगायचं. तुम्ही माझा हात धरलात आणि विचारलंत, "तुझ्या घराला तडे गेले का रे?" नाही म्हटलं. खरं तर दोन गेले होते. तेवढंही खरं बोलता आलं नाही, मग ते काय बोलणार? झाकली मूठ घेऊन परत आलो.

बास तुम्ही मार्थाला दिलात. वसईची मार्था, तुमची विद्यार्थिनी, गेली चार वर्षं दर रविवारी डहाणूला येणारी. तिचा फोन आला. रविवारी येते, काशीदादा, मुंबईला एका जुन्या कारागिराकडे नेणार आहे, तो सांधे उघडून तडा आतून जोडणार आहे. मी बरं म्हटलं आणि खाली बसलो.

सांधा उघडतात कसा, हे तुम्हीच मला शिकवलंत. पातळ बोथट सुरी फटीत सरकवायची, सरस टिक् करून सोडतो. पांढरा गोंद सोडत नाही. त्या कारागिराला काय माहीत? तो जोर करणार आणि कडेची फळी ढलपा घेऊन उपटून येणार. मी गप्प बसलो तर म्हातारा दुसऱ्यांदा माझ्याच हाताने फुटणार. बोललो तर पुन्हा कोणी बास घेऊन तलासरीला येणार नाही, आणि तुमच्या ओळखीच्या सगळ्यांना कळणार, काशीने बाईंना फसवलं. तीन दिवस हेच डोक्यात घोळवत होतो. सुनंदाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "जमिनीपेक्षा तुम्हीच जास्त हलताव. सांगून टाका तिला."

रविवारी मी तुमच्या बैठकीच्या खोलीत मार्थाला सांगितलं. गोंद, पातेलं, वास, सगळं. ती खिडकीकडे गेली. पाठमोरीच तिने विचारलं,

"बाईंना माहीत होतं?"

"नाही."

"फुटायच्या आधीच्या रविवारी तारा मी लावल्या होत्या," ती म्हणाली. "त्याच आठवड्यात फुटला. मला वाटलं मी जास्त ताणल्या. मी बाईंची माफी मागितली होती, काशीदादा. पाया पडून. त्या म्हणाल्या, जाऊ दे, मुली. म्हणजे त्यांनाही तसंच वाटलं असेल ना?"

बाई, मला हे माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. मी फक्त तुम्हाला फसवलंय असं समजून घाबरत होतो. ही पोर इतके महिने माझं पाप डोक्यावर घेऊन वसई-डहाणू करत होती, आणि मी तिला येता-जाता चहा पाजत होतो. मला माफ कर म्हणायचं होतं, पण मी पिशवीतली सुरी चाचपत राहिलो.

ती वळली. डोळे लाल. "उघडा," म्हणाली. "आत्ता. इथे. माझ्यासमोर."

गरम पाण्यात फडकं बुडवून कडेला धरायचं, गोंद मऊ होईपर्यंत थांबायचं, सुरी एक सूत पुढे, परत फडकं. मार्था बासची मान धरून उभी होती. तासभर हेच चाललं. शेवटची चार बोटं सुटली तेव्हा कडेला पांढरट पापुद्रा दिसला. तिने तो नखाने ओढून काढला, बघितला आणि रुमालात बांधला. कशाला, ते मी विचारलं नाही. मी सरसाचं पातेलं गॅसवर ठेवलं. आता शिजवायचा, लावायचा, दोन-तीन तास बसायचं.

आणि धडाड् आवाज झाला. जमीन सरकली. वरून माती पडली, कपाटातले कप खळखळले. मी वर बघितलं. आढं तिथेच होतं. हा थांबला, पण मागून दुसरा येतो हे आता लहान पोरालाही ठाऊक आहे. मार्था माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता बाहेर पडलो तर ही म्हणेल, परत पळाला. उघडा सांधा टाकून पळाला. मी सुरी घट्ट धरली. मग माझं मलाच काय झालं कोण जाणे, मी म्हणालो, "मार्था, मला भीती वाटते. मला इथे बसवत नाही."

ती म्हणाली, "मग चला ना बाहेर. मलाही वाटते."

गॅस बंद केला. म्हाताऱ्याला गादीवर आडवा ठेवला, सांधा तसाच उघडा, आणि आम्ही चिकूच्या झाडाखाली जाऊन बसलो. दुसरा धक्का आला, लहानसा. तिसरा आला नाही. तासाभराने आत गेलो. उघड्या सांध्याला काहीही झालं नव्हतं. महिनाभर तसा ठेवला असता तरी काही झालं नसतं.

बाई, जानेवारीत तुम्ही बाहेर व्हरांड्यातच बसला होतात. मी नुसतं दारात येऊन म्हटलं असतं, तर तुम्हीही हेच म्हणाला असतात. मग चल ना बाहेर.